सरासरी शून्य

मी मुळातच संशयी. दुकानात दूध घेतानाही मागच्या रांगेतलाच कॅन ओढून काढणारी. त्यामुळे थीसिस द्यायला तीन आठवडे उरले असताना माझा समुद्र फारच शहाण्यासारखा वागताना दिसला, तेव्हा बरं वाटण्याऐवजी मनात शंकेची पाल चुकचुकली.

माझा समुद्र म्हणजे टेक्सासमधल्या आमच्या लॅबच्या संगणकावर चालणारं मेक्सिकोच्या आखाताचं मॉडेल. जुन्या मॉडेलांमध्ये पाण्यावर घट्ट झाकण ठेवल्यासारखा पृष्ठभाग सपाट धरत, कारण गणित लवकर सुटे. आम्ही ते झाकण काढलेलं. पाऊस पडला, नदी आत आली की पाणी चढायला हवं. वाफ झाली की उतरायला हवं. किनाऱ्यावर ते किती चढतं, हाच माझा थीसिस. त्या सकाळी सगळ्या आखातातलं पाणी मूळ पातळीपेक्षा किती चढलं याची सहज सरासरी काढली तर शून्य. दुसऱ्या दिवसाची शून्य. पुराच्या महिन्यातही शून्य. थोडं पाणी बाहेर वाहून जातं हे खरं, पण नेमकं शून्य कधीच उरत नाही. मग एवढी मिसिसिपी गेली कुठे?

कोड उघडून बसले. दीड तासाने सापडली ती ओळ. रोज दिवसाच्या शेवटी पाण्याच्या उंचीतून सरासरी वजा केली जात होती. काढलेलं झाकण कोणीतरी गुपचूप परत बसवलं होतं. शेजारी रोमन लिपीत मराठी टीप: ‘सध्या असू दे, नंतर काढू.’

लॅबमध्ये मराठी दोघंच. मी आणि शेजारच्या टेबलावरचा, माझ्याच बॅचचा नागपूरकर. आमचा कोड एकच होता, आणि वैतागाच्या टिपा मराठीत लिहायची सवय दोघांनाही होती. गेले काही दिवस मी खुर्ची वळवली की तो लॅपटॉप मिटायचा. डॅलसजवळ अर्विंगला राहणाऱ्या त्याच्या मावशीने दिलेली थालीपीठं मात्र रोज माझ्यापुढे सरकवायचा. आता मला त्या थालीपिठांचाही संशय यायला लागला.

कुठली ओळ कोणी घातली याची नोंद कोडसोबतच असते. ती बघायची मला गरजच वाटली नाही, इतकी माझी खात्री होती. माझं डोकं फिरलं होतं. मी तरातरा गाइडच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं की तो माझ्या कामात ढवळाढवळ करतोय.

आमच्या गाइड शांत बाई. त्यांनी त्याला बोलावलं आणि आम्हा दोघांसमोर ती नोंद उघडली.

ओळीपुढे माझं नाव होतं. तारीख पहिल्या वर्षातली. तेव्हा मॉडेल सारखं कोसळायचं, आकडे भरकटायचे, आणि कसंबसं पुढे जायला मीच ती ओळ घातली होती. ‘नंतर’ काढायची ती राहूनच गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मला दिसली होती यार ती लाइन, दोन आठवड्यांपूर्वी. ती काढून तुझं मॉडेल पहिल्यापासून परत रन करत होतो. म्हटलं, आधी चेक करू तुझा थीसिस वाचतोय का. उगाच तुला पॅनिक कशाला करायचं?”

थीसिस वाचला. किनाऱ्यावरचे आकडे बदलले, शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं, तेही त्याच्याच रनवरून. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा तो “इट्स ओके” म्हणाला.

पण मी लॅब सोडेपर्यंत त्याला मला काही सांगायचं असलं की ईमेल यायची, गाइडना कॉपी करून. आमच्या खुर्च्यांमध्ये हातभर अंतर होतं. कॉफी आणायला उठताना तो लॅपटॉप लॉक करायचा, आणि लॉक झालाय ना, हे दारातून वळून एकदा बघून घ्यायचा.