दर्भाचं मनगट

माझा काका बोटीवर खलाशी होता. दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरात तो आजारी पडला, त्याला तिथल्या इस्पितळात ठेवून बोट पुढे गेली. मग खबर नाही. पुष्कळ वर्षांनी त्याचा एक सोबती पोलादपूरला येऊन सांगून गेला ते एवढंच, की डॉक्टरने काकाचा हात धरला आणि नर्सला दोनदा एकच शब्द सांगितला, ‘मुन्येका’.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. महाडच्या शाळेत होतो तेव्हा त्याची बायको, माझी काकीच, डोंगर उतरून मला भाकऱ्या आणून द्यायची. आता तिचं कुंकू राहणार की पुसलं जाणार, हे त्या शब्दावर आलं होतं. अर्थ शोधायचं काम माझ्याकडे आलं.

मुंबईच्या कॉलेजात फ्रेंच शिकवणाऱ्या सरांनी आपुलकीने स्पॅनिश कोश काढून दिला. मुन्येका म्हणजे मनगट. मुन्येका म्हणजे बाहुलीसुद्धा.

“यातला कुठला घ्यायचा, सर?”

“शेजारचे शब्द आण, मग सांगतो.”

शेजारचे शब्द समुद्रापलीकडे राहिले होते. पण डॉक्टरने हात धरला होता, म्हणजे मनगटच, म्हणजे नाडी. ती लागत होती की नव्हती, ते कोशात कुठून असणार!

सुट्टीत घरी आलो तर सगळे सावित्री नदीच्या काठी जमलेले. काकाची खबर थांबून बारा वर्षं झाली होती, आणि न परतलेल्या माणसाचा पुतळा बारा वर्षांनी जाळायची आमच्यात रीत आहे. भटजींनी दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा बांधून ठेवला होता, माणसाएवढा. दुपारचं ऊन, वारा पडलेला, तरी त्याची पानं मधूनच सळसळत.

मी दोन्ही अर्थ सांगितले. चुलत आजोबा वैतागले. “एवढी बुकं शिकलास नि एका शबुदाचा एक अर्थ आणता येत नाय? तो मेला, असं त्या शबुदात कुठं हाय का?”

“नाय, आजोबा. मनगट, नायतर बाहुली.”

बाहुली म्हणताच सगळ्यांच्या नजरा पुतळ्याकडे गेल्या.

काकी पुढे होऊन त्याच्याजवळ बसली. त्याच्या मनगटावर वैद्यासारखी तीन बोटं ठेवली.

“ऊठ गो बाय, उन्हं कलली,” आई म्हणाली.

“थांबा. नाडी हाय.”

वडिलांच्या हातातली काडी जळत बोटांपर्यंत आली, तेव्हा त्यांनी ती टाकली.

“तू बघ रे,” काकी मला म्हणाली. “तू शिकलास ना?”

मी बोटं ठेवली. दर्भ ऊबदार लागला, उन्हाने तापला असेल. आत ठोके होते. आपल्याच बोटांचे ठोके कधीकधी जाणवतात, हे मी शिकलो होतो. म्हणून दुसऱ्या हाताने गळ्याशी स्वतःची नाडी पाहिली. ती धावत होती. बोटांखालची संथ होती.

“हाय,” मी म्हणालो.

पुतळा कुणी जाळला नाही. तो माळ्यावर गेला आणि काकीचं कुंकू राहिलं. कुंकवासकटच ती गेली, तेव्हा पुतळा उतरवून तिच्याच चितेवर शेजारी ठेवला. त्याआधी मी त्याचं मनगट धरून पाहिलं. बराच वेळ धरलं. काही लागलं नाही.