ज्याला रडायचंय त्याने कांदा चिरावा

आमच्या रविवारच्या गटातले किस्से मी बाहेर सांगत नाही, कारण पहिल्याच वाक्याला गाडी अडते. ‘आम्ही सगळे आजारी, नाहीतर आजाऱ्यांची मुलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा मयताला आल्यासारखा होतो. मग पुढे हसायचं कधी? म्हणून किस्से नुसते साठत गेले, फोनमधल्या फोटोंसारखे. आता स्टोरेज फुल झालंय!

काळेवाडीत एका फरसाणाच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही जमतो. कुणाला लहानपणापासूनचं दुखणं, कुणाच्या आईला किंवा वडलांना मनाचा आजार. सोबत समुपदेशक सीमा मॅडम.

दत्ता चाकणजवळच्या खेड्यातला. घरी शेती, स्वतः कंपनीत. पहिल्याच रविवारी तो कांद्यांची पिशवी घेऊन आला.

मॅडम म्हणाल्या, “अरे, इथे काय जेवणावळ आहे का?”

“न्हाई मॅडम, पन घरचं हाय.”

खाली फरसाण, वर कांदे. भेळ व्हायचीच!

एकदा कांदा चिरताना दत्ताच्या डोळ्यांना धार लागली. तृप्तीने विचारलं, “दत्ता, रडतोयस का रे?”

“कांदा हाय.”

मॅडमनी जरा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “बरं. यापुढे कांदा चिरणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही.”

तोच आमचा नियम झाला. ज्याला रडायचंय त्याने विळी घ्यावी. कधीकधी भेळेत चुरमुरे कमी आणि कांदाच जास्त असतो. त्या रविवारी समजायचं, सगळ्यांचाच आठवडा वाईट गेलाय.

मी मात्र कायम चिंचेच्या पाण्यावर. “मला कांदा चिरता येत नाही,” असं सुरुवातीलाच सांगून टाकलंय.

*

तृप्तीला सहावीपासून डायबिटीस. दंडावर सेन्सर आहे, साखर घसरली की तिचा फोन बोंबलतो. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी चिंचेच्या पातेल्यासकट उडाले. “आग लागली?!”

“नाही गं, साखर उतरली.”

चिंच भिंतीवर अजून आहे. आता अलार्म झाला की सगळे आधी माझ्याकडे बघतात. तृप्ती ग्लुकोजची गोळी चघळत म्हणते, “हिला पाणी द्या आधी, माझं मी बघते!”

*

हीच तृप्ती राजगुरुनगरला एका लग्नात पंगतीला बसली आणि पोटात इन्सुलिनची सुई टोचून मोकळी झाली. शेजारचे काका हादरले.

“पोरी, निदान लग्नात तरी नशा करू नये!”

“नशा नाही काका. जिलेबी येतेय ना, तिचीच तयारी.”

जिलेबी वाढून झाली, तशी काकांनी आपल्या ताटातली हळूच पलीकडच्या माणसाकडे सरकवली.

*

मॅडमनी एकदा व्यायाम दिला. “डोळे मिटा. शांत जागा डोळ्यांसमोर आणा.”

खाली टेम्पोचा हॉर्न, शेजारी मिक्सर. मी प्रत्येक आवाजाला एक डोळा उघडत होते. आणि दत्ता? थर्ड शिफ्ट करून आलेला, घोरायलाच लागला! मी त्याला हलवायला गेले, तर मॅडम म्हणाल्या, “राहू दे. एकाला तरी जमलंय.”

*

दत्ताच्या वडलांना बायपोलर आहे. कधी महिनाभर हवेत, कधी महिनाभर अंथरुणात. हवेत असताना एका सकाळी ते कंपनीच्या बसला आडवे गेले आणि अख्खी फर्स्ट शिफ्ट चहाला घरी घेऊन आले! तिकडे सुपरवायझरचा फोन.

“दत्ता, बस कुठंय?”

“साहेब, आमच्या अंगनात.”

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने आपणहून त्यांच्या दाराशी बस हळू केली. “आज चहा न्हाई व्हय?”

आम्ही पोट धरधरून हसलो. दत्ताही हसला. मग म्हणाला, “आता म्हातारा झोपूनच हाय, चार दिस झालं,” आणि त्याने विळी ओढली. कुणी काही विचारलं नाही.

*

मग एका रविवारी फरसाणवाल्यांकडे बारसं निघालं आणि खोली गेली. जमायचं कुणाकडे? माझं घर दोनच गल्ल्या पलीकडे. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझ्या आईला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चालू आहेत, बरी असते. पण मी आठवीत असताना घरी आलेल्या मैत्रिणीला तिने दारातच विचारलं होतं, “तुला कुणी पाठवलं?” दुसऱ्या दिवसापासून अख्खा वर्ग मला तेच विचारायचा. तेव्हापासून आमच्याकडे माझं म्हणून कुणी आलेलं नाही. आईचा आजार गटाला माहीत होता. आई माहीत नव्हती.

“या,” मी म्हणाले. कशी म्हणाले, कोण जाणे.

बेल वाजली. माझ्याआधी आईच दाराशी पोचली. समोर दत्ता.

“तुला कुणी पाठवलं?”



“आमच्या म्हातारीनं, काकू,” दत्ताने पिशवी पुढे केली. “म्हनली, रिकाम्या हातानं जाऊ नगं.”

आईने पिशवीत वाकून बघितलं. एक कांदा दाबून बघितला. “ये मग. चप्पल आत काढ, बाहेरची कुत्रं नेतं.”

सगळे सतरंजीवर टेकतात न टेकतात तोच तृप्तीचा फोन बोंबलला. मी उडाले. आई जागची हलली नाही. “ही अशीच दचकते,” ती तृप्तीला म्हणाली, “तू नको मनावर घेऊ.”

दत्ताने कांदे ताटात ओतले. “आज कोन चिरनार?”

“मला येत नाही,” मी सवयीने म्हणाले.

“येत नाही काय?” आई म्हणाली. “घरी रोज हीच चिरते. भाजी कसलीही असो, आधी दोन कांदे घेऊन ओट्याशी पाठमोरी उभी. परवा तर साबुदाण्याच्या खिचडीला चिरत होती!”



आईने आतून विळी आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

“मी आपली काही विचारत नाही.”