किल्ल्यावर फुटलेला नारळ

शेवाळलेल्या पाण्याचा थंड वास आला, की मला माहूरचा किल्ला आठवतो. उमरखेडजवळच्या आमच्या शेतातली नवी विहीर त्या वैशाखात कोरडी निघाली, तेव्हा आई-बाबा मला घेऊन माहूरच्या डोंगरावरच्या देवीला निघाले. वाटेत बाबांनी किल्ला पाहायचा हट्टच धरला. ढासळलेल्या तटाच्या आत शिरलो, तर समोर भलंमोठं तळं. भर उन्हाळ्यात, एवढ्या उंचावर, हिरवंगार पाणी. बाबांनी चपला काढल्या. "कोनं बांधलं असन हे!" एवढंच म्हणत ते काठावर बसून राहिले. मग आईकडे हात पसरून म्हणाले, "नारळ दे." "येडे झाले काय? देवीचा हाय तो!" आईने पिशवी पोटाशी धरली. पण जरा वेळाने तीही पाण्याशी आली, कोपरापर्यंत हात बुडवून बसली, आणि विहिरीला पाणी लागल्यावर फोडतात तसा नारळ तिनेच दगडावर फोडला. "आता देवीपुढं काय ठेवशील?" मी विचारलं. "तिले समजते," आई म्हणाली, "तिच्याबी घरी पानी वर चढवाच लागते." आता आमच्या अंगणात नळ आहे; भांडं भरलं, तरी आईचा हात क्षणभर धारेखालीच राहतो.