ओळखा बरं, मी कोण?

मंडळी, आज सकाळी अकरा वाजता मी बाबांना संत्र्याच्या फोडी सोलून देत होतो, तेव्हा कळमेश्वरचे मामा आले. बाबांना अल्झायमर आहे हे त्यांना ठाऊक आहे. तरी दारातूनच म्हणाले, "ओळखा बरं भाऊजी, मी कोण?"

बाबा नुसते हसले. मामा खुर्ची ओढून समोर बसले. "सांगा ना. सांगितल्याशिवाय मी चहा घेत नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग एखाद्या साहेबासमोर जोडावेत तसे हात जोडले. हातातली फोड मांडीवर पडली.

"डोक्याले कामच देत नाहीत, म्हणून गंजून राहिलं," मामा मला म्हणाले.

डॉक्टरांनी समजावलं होतं तेच मी सांगितलं. मेंदूत पहारेकरी पेशी असतात. कचरा उचलणं हे त्यांचं काम. या आजारात त्या भडकलेल्याच राहतात आणि चांगल्या पेशींचंही नुकसान करतात. यात बाबांचा आळस कुठे आला?

"बारावी नापास अन् मले शिकवून राहिला," मामा म्हणाले.

आमच्याकडे येणारा प्रत्येक जण हीच परीक्षा घेतो, आणि तीही मायेनं. आत शिरतानाच "मी तुमचा मेहुणा" म्हणायला काय जातं?

दुपारी पुन्हा बेल वाजली. कुरिअरवाला होता. पण बाबा घाईनं उठून आतल्या खोलीकडे निघाले. मला हळूच म्हणाले, "त्यायले सांग, माझा अभ्यास नाही झाला."

तुम्ही अशा माणसाला भेटायला जाता, तेव्हा पहिलं वाक्य कोणतं बोलता?