धाकटीची जीभ

लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा स्वयंपाकघर थोरल्या जावेच्या ताब्यात होतं, म्हणून हिचं नाव धाकटी पडलं ते पडलंच. पुढे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, दोघींचे नवरे एकामागून एक गेले, तरी ती धाकटीच राहिली. गिऱ्हाइकंसुद्धा तिला 'धाकट्या काकू' म्हणायची. थोरलीला मात्र सगळे 'बाई' म्हणत. नुसतं बाई.

भावाभावांनी काढलेलं दुकान आता दोघी जावा चालवत होत्या. पुढे काचेचं काउंटर, मागे अरुंद खोली, खोलीत काचेच्या दाराची भट्टी आणि दगडी मोरी. माल एकच, डुकराची खारवलेली मांडी. म्हणजे हॅम. ती भाजायची आणि वरून संत्र्याचा गोड पाक चढवायचा. लांबलांबून लोक यायचे ते त्या पाकासाठी. मांस कुठेही मिळतं हो, पण तो तांबूस, काचेसारखा चकाकणारा थर, दातांखाली किंचित कुरकुरणारा, तो बाईंच्याच हातचा.

त्या थरामागची बाकीची सगळी हमाली धाकटीची. मांड्या पाण्यात भिजत घालायच्या, पाणी बदलून बदलून खारटपणा उतरवायचा, मग उकडायच्या, कातडी सोलायची, चरबीवर सुरीने तिरक्या चौकटी पाडायच्या आणि जिथे रेघेला रेघ मिळते तिथे एकेक लवंग टोचायची. संत्री पिळायची. साल किसायची, पण खालचा पांढरा पापुद्रा येऊ द्यायचा नाही, तो आला की कडवटपणा आलाच. एवढं झालं की धाकटीने बाजूला व्हायचं. रस, साल, तपकिरी साखर, थोडी कुटलेली मोहरी आणि लिंबू पातेल्यात घालून आटवायचं काम बाईंचं. आणि चाखायचं तर फक्त बाईंनीच.

नवी नवरी असताना धाकटीने एकदा त्या पातेल्यात बोट बुडवलं होतं. बाईंनी मागून येऊन हातातल्या पळीने तिच्या मनगटावर असा फटका मारला की बोट उकळत्या पाकातच दाबलं गेलं. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही. चिकटतो आणि भाजत राहतो. बोटाचं कातडं सोलून निघालं. "आता चव लक्षात राहील," बाई म्हणाल्या आणि पुन्हा ढवळायला लागल्या. धाकटीच्या नवऱ्याने रात्री फडकं बांधून दिलं. "वहिनी तशीच आहे, मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. तिने मनावर घेतलं नाही, तोंडावर घेतलं. त्या दिवसापासून बाईंसमोर चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही, असं तिने ठरवून टाकलं. राग आला, हसू आलं, पोटात दुखलं, तरी चेहरा कसा, तर पुसलेल्या पाटीसारखा. "हिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं," बाई गिऱ्हाइकांना सांगायच्या, आणि भिंत मुकाट्याने मांस बांधून द्यायची.

असा संसार चालला होता. मग एका हिवाळ्यात बाईंचं जेवण कमी झालं. जीभ पोळलीय म्हणाल्या. एका बाजूने चावायला लागल्या. धाकटीच्या एक गोष्ट लक्षात आली, बाई पाक चाखायच्या बंद झाल्या होत्या. चमचा तोंडापर्यंत नेत, ओठाला लावल्यासारखा करत आणि खाली ठेवत. पाकातला आंबटपणा जिभेला आगीसारखा झोंबत असणार, हे धाकटीला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की बाईंचं सगळं आता अंदाजपंचे चाललं आहे.

त्याच सुमाराला मोठी ऑर्डर आली. एका कारखान्याचे मुख्य साहेब निवृत्त होणार होते, त्यांच्या निरोपाच्या जेवणासाठी भट्टीत मावतील तेवढी हॅम हवी होती. बाई सकाळपासून चिडलेल्या होत्या. पाक आटत असताना त्या मध्येच मोरीवर जाऊन चूळ भरायला लागल्या, खूप वेळ थुंकत राहिल्या. तेवढ्यात पातेल्याच्या बुडाला पाक लागला. त्यांनी घाईने येऊन ढवळला, वर आणखी रस ओतला, लिंबू पिळलं आणि पातेलं धाकटीपुढे सरकवलं. "लाव."

धाकटी ब्रशने पाक लावायला लागली. वास बरोबर नव्हता. बाईंची पाठ वळलेली पाहून तिने ब्रशवरून ओघळलेला थेंब बोटाने टिपला आणि चाटला. कडूजहर! करपलेल्या साखरेचा कडूपणा आणि त्यावर लिंबाचा आंबट मारा.

सांगायला एक शब्द पुरला असता. पण इतक्या वर्षांत तिचं मत कुणी विचारलं होतं? आणि खरं सांगायचं तर मनात खोल कुठेतरी एक बारीक आवाज म्हणाला, होऊ दे. एकदा होऊ दे बाईंचं नाक खाली. तिने ब्रश पुन्हा पातेल्यात बुडवला आणि शेवटच्या लवंगेपर्यंत सगळं नीट, न चुकता लावून काढलं.

दुसऱ्या दिवशी सगळी हॅम परत आली. एकेक काप कापलेली, बाकी तशीच. आणणाऱ्या माणसाने आरडाओरडा केला असता तरी चाललं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, लोक हसले हो. साहेबांना उठून बोलायचं होतं, आणि सगळे तोंड वाकडं करून पाणी पीत होते." बाई काउंटर धरून उभ्या होत्या. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ओठाच्या कडेने रक्ताची रेघ खाली आली.

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावून पाहिलं, तेव्हा जिभेच्या कडेला बोराएवढी गाठ झाली होती. अर्धी जीभ काढावी लागली. मग किरणांचे शेक दिले. शेकांनी गळ्याची कातडी काळी पडली, लाळ आटली, आणि उरलेल्या जिभेतली चव विझली. साखर ठेवली काय नि मीठ ठेवलं काय, दोन्ही वाळूसारखं. बोलणं असं झालं, जणू तोंडात कापसाचा बोळा कोंबलाय. बाईंचा परगावी राहणारा मुलगा येऊन गेला, तोही दर वाक्याला "काय? काय म्हणतेस?" करत होता. कळायचं ते एकट्या धाकटीला. ज्या भिंतीशी बाई आयुष्यभर बोलल्या, तिलाच तेवढी त्यांची भाषा येत होती.

बाई घरी आल्या आणि आठवडाभरात भट्टीपाशी खुर्ची टाकून बसल्या. पळी धाकटीच्या हातात दिली आणि बोटाने खूण केली, चाख.

धाकटीने चमचा तोंडाला लावला.

"कसा?"

"गोड आहे."

बाईंनी कपाळावर हात मारला. "साखरपण गोड असते! कसा गोड?"

धाकटीला सांगता येईना. शब्दच नव्हते तिच्याकडे. तिने पुन्हा चाखला, पुन्हा. बाई खेकसायच्या, धाकटी घाबरायची, पाक आटून गोळा व्हायचा आणि पातेलं मोरीत जायचं. बाई त्या अर्ध्या जिभेनेही शिव्या द्यायचं सोडत नव्हत्या, उलट लाळ नसल्यामुळे घोट घोट पाणी पीत, दम घेत, सावकाश देत. धाकटीने डोळे मिटून चाखायची सवय लावून घेतली. एकदा असंच डोळे मिटून ती म्हणाली, "जाऊबाई, आधी गोड लागतो. मग जिभेच्या कडांना आंबट. गिळल्यावर घशात किंचित कडू राहतं, सालीचं. कुणी लाडाने जवळ बोलावून शेवटी टोमणा मारावा ना, तसं."

बाईंचे खांदे हलायला लागले. धाकटी घाबरून पाण्याचा पेला घेऊन धावली, तर बाई हसत होत्या.

"म्हणजे माझ्यासारखा," त्या म्हणाल्या. "जमला. उतरव."

गिऱ्हाइकं हळूहळू परतली, पण पहिल्यासारखी नाही. तोंडात गेलेली कडू चव लोक विसरतात, ऐकलेली गोष्ट विसरत नाहीत. तरी दुकान चाललं. दोघींची एक वेगळीच घडी बसली. धाकटी चाखायची, बोलायची, बाई ऐकायच्या आणि तेवढ्यावरून सांगायच्या, मोहरी चिमूटभर, आच कमी, आता थांब. कधी चुकून कौतुकही करायच्या. धाकटी तेव्हा सवयीने चेहरा कोरा करायची आणि मोरीपाशी जाऊन हसून घ्यायची.

पण दुखणं गेलं नव्हतं, दबा धरून बसलं होतं. मानेत गाठ आली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी कापण्याचं नावच काढलं नाही. पोटात नळी घातली, त्यातून पातळ अन्न ओतायचं काम धाकटीकडे आलं. बाई वाळत गेल्या. उचलून कुशीवर वळवताना धाकटीला वाटायचं, याहून आपण दुकानात उचलतो ती मांडी जड असते.

एका दुपारी अंग पुसून देत असताना बाईंनी तिचं मनगट धरलं.

"त्या दिवशी," बाई म्हणाल्या. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "निरोपाच्या ऑर्डरीला. तू बोट चाटलंस."

धाकटीच्या हातातला ओला रुमाल तसाच राहिला. "तुम्ही पाहिलंत?"

"भट्टीच्या काचेत दिसलं."

"मग ओरडला का नाहीत?"

"मला चाखता येत नव्हतं. कुणाला सांगणार? लाज वाटली." बाईंनी दम घेतला. "म्हटलं, ही चाटतेय ते बरंच आहे. तुझं तोंड बघत होते. कडू असेल तर तोंड वाकडं करेल. केलं नाहीस. मला वाटलं, जमलाय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा बाईंसमोर फुटला. "मला कळलं होतं, जाऊबाई. करपलाय ते कळलं होतं. मी मुद्दाम बोलले नाही."

"हं." बाईंनी डोळे मिटले. मनगट सोडलं नाही, पण पकड सैल झाली. "माझ्यापुढे तोंड वाकडं करायला तुला शिकवलंच कुठे मी."

माफ केलं की नाही, ते त्या बोलल्या नाहीत, आणि धाकटीने विचारलं नाही. त्यानंतर बाई फारसं बोलल्याच नाहीत. थंडी सरता सरता, सकाळी धाकटी नळी धुऊन परत येईपर्यंत त्या गेल्या होत्या.

मुलगा आला. रीतसर रडला, लोकांशी चांगलं बोलला. चार दिवसांनी दुकानात उभा राहून भिंती न्याहाळत म्हणाला, "काकू, तू आता दगदग करू नकोस."

"मला जमतंय रे. पाक मला येतो."

"येतो गं, माहीत आहे. पण चालवायचं कुणी? तुझं वय बघ." बोलताना तो भट्टीची रुंदी हातांनी मोजत होता. दुकान बाईंच्या नावावर होतं. भट्टी भंगारात गेली. तिथे आता मोबाईल दुरुस्त करून मिळतात.

धाकटीला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथे मोठाल्या डेगांत मऊ भात आणि पांचट सूप शिजतं. पहिल्याच दिवशी मुख्य स्वयंपाक्याने गंमत म्हणून तिला डाव भरून सूप दिलं. "घ्या काकू, कसं झालंय सांगा."

तिने डोळे मिटून चाखलं आणि सांगितलं. गाजर जुनं आहे, मातकट लागतंय. कांदा कच्चा राहिलाय. आणि खाली कुठेतरी करपायला लागलंय, आताच उतरवा. सगळे हसले. स्वयंपाक्या हसला नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितलं, तिसऱ्या दिवशी न विचारता सांगितलं. त्या आठवड्यातच तिला भांडी घासायला मागच्या मोरीवर पाठवलं.

ती आता तिथेच असते. वॉर्डातून उष्टी ताटं येतात, त्यांत अर्धंअधिक अन्न तसंच असतं. ती ते बादलीत निपटते, ताट गरम पाण्याखाली धरते आणि पुढचं उचलते.