देव्हाऱ्यातला ॲनालायझर

पन्नाशी ओलांडली की गुडघे सांभाळावेत, असं डॉक्टर सांगतात. मी नेमका त्याच वयात लोकांच्या किचनमध्ये गुडघ्यांवर बसून घर गरम ठेवणाऱ्या गॅस बॉयलरच्या पोटात डोकावायला शिकलो. हौस नव्हती. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर मी वीस वर्षं सांभाळलं, तिनं एका व्हिडिओ कॉलवर माझे आभार मानले आणि तिथेच माझं लॉगिन बंद केलं. या वयाचा माणूस नोकरीच्या बाजारात म्हणजे कार्यक्रम संपल्यावर ट्रेमध्ये उरलेला बटाटेवडा. कोणी वाईट म्हणत नाही, कोणी उचलतही नाही.

उचललं ते हाउन्सलोच्या एका हीटिंगवाल्यानं. त्याच्या माणसांबरोबर मी वर्षभर फिरलो, हात काळे केले, कोर्स केला. त्याचं म्हणणं सरळ होतं: थंडी सुरू व्हायच्या आत गॅसचं लायसन्स आण, व्हॅन तुझी. नाहीतर ती दुसऱ्याची. आता फक्त शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा उरली होती.

वेम्बलीच्या आमच्या मराठी मंडळात ही बातमी माझ्या आधी पोचली. फायनान्समधले एक गृहस्थ चहाचा कप हातात घेऊन मुद्दाम माझ्याकडे आले.

"म्हणजे प्लंबर?"

"गॅस इंजिनिअर."

"तेच ते. नाही, चांगलंय हो. कुठलंही काम कमी नसतं." आणि ते लगेच कमी नसलेल्या दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला निघून गेले.

बायकोनं पुण्याला आईला फोनवर सांगितलं, "ते आता एनर्जीमध्ये आहेत." सासूबाईंनी सोसायटीत काय सांगितलं देव जाणे, पण मेहुण्यानं मला अणुभट्ट्यांच्या भवितव्यावर मत विचारलं. इथेच जन्मलेल्या लेकीनं तेवढा धीर दिला. "बाबा, चिल. माझ्या फ्रेंडची डॅड पण प्लंबर आहे. त्यांची घर आपल्यापेक्षा मोठा आहे."

परीक्षा आली नेमकी दसऱ्याला. बायको म्हणाली, "बघा, मुहूर्त स्वतः चालत आला." सकाळी तिनं माझे पाने, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च असं सगळं देवापुढे मांडलं. झेंडूच्या फुलांत मधोमध बसला होता माझा ॲनालायझर. बॉयलरच्या धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते सांगणारं हे यंत्र. मोबाइलहून जरा जाड, त्याला एक नळी. सुरू केलं की ते आधी भोवतालची हवा हुंगतं आणि तीच शुद्ध मानून शून्य धरतं. म्हणून ते कायम बाहेर, उघड्या हवेत सुरू करायचं. कोर्सच्या पहिल्याच दिवशीचा धडा.

"सुरू करा ना," बायको म्हणाली. "बंद यंत्राची कसली पूजा?"

मी सुरू केलं. समोर कापूर पेटलेला, धुपाचे लोट उठलेले. आणि वर छतावर स्मोक अलार्मला शॉवर कॅप, कारण आरतीच्या मध्येच तो बोंबलतो. लोकांच्या घरी जाऊन त्यांना अलार्मचं महत्त्व पटवून देण्याचं लायसन्स घ्यायला निघालेला माणूस त्या टोपीखाली उभा राहून टाळ्या वाजवत होता.

निघताना मी यंत्र बंद करायला गेलो, तर ती म्हणाली, "अहो, आजच्या दिवशी राहू दे चालू. देवापुढचा दिवा आपण फुंकून विझवतो का?" वीस वर्षं लोकांना 'आधी बंद करून परत चालू करा' सांगत पगार घेतलेल्या मी ते यंत्र तसंच चालू ठेवून बॅगेत टाकलं.

परीक्षक आडदांड आणि अबोल होता. बॉयलर पेटला, मी नळी आत घालणार, तेवढ्यात स्क्रीनकडे लक्ष गेलं. नळी अजून खोलीतल्या स्वच्छ हवेत होती, आणि कार्बन मोनॉक्साइड शून्याच्या खाली दिसत होता. आमचा देव्हारा हीच शुद्ध हवा असं यंत्रानं मनोभावे मानलं होतं. या हिशेबानं जीवघेणा बॉयलरही ठणठणीत निघाला असता.

गप्प राहून नळी आत सरकवली असती तर आकडे बरे आले असते. व्हॅन डोळ्यांसमोरच उभी होती. पण मग त्याच यंत्रानं मी पुढे कोणाच्या तरी झोपायच्या खोलीशेजारचा बॉयलर तपासला असता.

"मी थांबतोय," मी म्हणालो. "हे यंत्र चुकीच्या हवेत सुरू केलंय."

"कुठल्या हवेत?"

आता देव्हाऱ्याला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं? "घरी. प्रार्थना होती. थोडी... आग होती."

त्यानं माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं, मग यंत्राला चिकटलेल्या झेंडूच्या पाकळीकडे. "मग आता काय करणार, मेट?"

"बंद करून, बाहेर जाऊन, परत चालू."

बाहेर भुरभुर पाऊस होता. यंत्राला जॅकेटच्या आडोशाला धरून मी कार पार्कमध्ये शून्य येईपर्यंत उभा राहिलो. परत आत येऊन सगळी तपासणी पहिल्यापासून केली. शेवटी तो म्हणाला, "पास. न थांबता पुढे गेला असतास, तर तुला घरी पाठवलं असतं. आणि यापुढे ते प्रार्थनेला नेऊ नकोस."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. जरा आवाज चढवूनच. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक वेळेवर दिसली ना?"

"हो, पण..."

"मग? पूजेशिवाय दिसली असती?"

मी स्टूल आणलं, वर चढलो आणि अलार्मची शॉवर कॅप काढली. गुडघा कटकन वाजला. खालून ती म्हणाली, "फेकू नका हं. दिवाळीला लागेल."