रिजेक्ट का रिवर्क

रहाटणीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात पुढच्या पेशंटला आतच बसवतात. माझा नंबर पुढचा, म्हणून मी डॉक्टरबाईंना विचारायच्या प्रश्नांची यादी हातात घेऊन बसले होते. समोरच्या खुर्चीत चाकणच्या कंपनीतला एक पन्नाशीचा माणूस होता. ग्राइंडरचा कण उडून त्याच्या डोळ्यात गेला होता. डॉक्टरबाईंनी कण काढला, मग रंग लावलेली कागदाची केशरी पट्टी पापणीच्या आत टेकवून निळा दिवा लावला.

"यानं काय व्हतं?"

"बुबुळावर ओरखडा असेल तर तो हिरवा चमकतो."

तो खुर्चीतच उसळला. "आमी बी असंच करतो की, मॅडम! तयार पार्टला रंग लावायचा, पुसायचा, दिव्याखाली धरायचा. चीर खोल चमकली की पार्ट रिजेक्ट, लाल पेटीत. वरवरची असली तर रिवर्क, म्हंजी दुरुस्ती. वीस वर्षं मीच बघतोय."

"हलू नका हो!"

बाई वाकल्या. दोन्ही हातांनी त्याने गुडघे घट्ट धरले.

"चमकतंय?"

"चमकतंय."

"डोळा गेला तर तपासणीचं काम जाईल माझं. खरं सांगा, रिजेक्ट का रिवर्क?"

बाई हसल्या. "रिवर्क. ओरखडा वरवरचा आहे. थेंब टाका, तीन दिवसांनी दाखवा."

डोळ्यातून गालावर आलेला रंगाचा पिवळा ओघळ पुसत तो उठला आणि मला म्हणाला, "बसा ताई, बिनधास्त. हितं लाल पेटी न्हाई."